तीन स्नायू, आणि हुकूम ऐकणारा एकच



मी एक निवृत्त कर्नल. बेंगळुरूमध्ये उल्सूर तलावाजवळ राहतो. मी डॉक्टर नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि नंतर एकतीस वर्षं लष्करात काढली. त्यामुळे आज जे बोलणार आहे त्यात थोडं कॉलेजमधलं, थोडं नंतर हट्टाने वाचलेलं आणि बाकीचं स्वतःच्या अंगावर शिकलेलं आहे. विषय आहे स्नायू.

हा विषय का निवडला ते सांगतो. मी चौसष्ट वर्षांचा होतो. त्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला आणि मागोमाग न्यूमोनिया. नऊ दिवस हॉस्पिटल, मग घरी दोन आठवडे अंथरूण. सगळ्यांनी प्रेमाने एकच सांगितलं, "आराम करा." मीही केला. पाणीसुद्धा हातात येत होतं. त्यानंतर गणपती आले. ओळखीच्या एका मराठी कुटुंबात अथर्वशीर्षाची आवर्तनं होती. मी सतरंजीवर मांडी घालून बसलो. तासाभराने आरतीसाठी सगळे उभे राहिले आणि मला उठता येईना.

पाय आखडले असतील असं वाटलं. तसं नव्हतं. पायांत ताकदच नव्हती. हात टेकून पाहिलं, कुशीवर होऊन पाहिलं. शेवटी शेजारच्या दहावीतल्या मुलाने हात दिला, "काका, धरा." ज्या माणसाने उभ्या आयुष्यात जवानांना डोंगर चढायला लावले, तो आरतीला उभा राहण्यासाठी एका पोराचा हात धरून उठला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांनी समजूतदारपणे दुसरीकडे पाहिलं.

त्या रात्री मी आमच्या कॉलेजच्या प्रॅक्टिकलची आठवण काढत जागा होतो. प्राणिशास्त्राच्या परीक्षेत स्पॉटिंग असायचं. ओळीने सूक्ष्मदर्शक मांडलेले, प्रत्येकाखाली एक काचपट्टी, घंटा वाजली की पुढे सरकायचं. त्यात स्नायूंच्या तीन काचपट्ट्या हमखास असत. शाळेच्या पुस्तकात त्यांची नावं आपण सगळ्यांनी पाठ केली आहेत : पट्टकी म्हणजे ऐच्छिक स्नायू, अपट्टकी म्हणजे अनैच्छिक स्नायू आणि हृदयाचा स्नायू. माझ्या परीक्षेत तिसऱ्या काचपट्टीवर मला पट्टे दिसले आणि मी लिहून टाकलं, 'ऐच्छिक स्नायू'. परीक्षकांनी विचारलं, "पट्टे दिसले. फांद्या दिसल्या नाहीत?" तो हृदयाचा स्नायू होता. तिथे माझे मार्क गेले. पण ते तीन स्नायू खऱ्या अर्थाने मला कळायला पुढची चाळीस वर्षं लागली.

तर एकेक करून पाहू.

पहिला, ऐच्छिक स्नायू. हाडांना जोडलेला, आपला हुकूम ऐकणारा. शरीरात असे सहाशेच्या वर स्नायू आहेत. तरुण पुरुषाच्या वजनाचा साधारण ४० टक्के भाग यांचाच असतो. याची पेशी म्हणजे एक लांबच लांब तंतू, आणि एकाच तंतूत अनेक केंद्रकं. एवढा मोठा कारभार एका केंद्रकाला झेपत नाही, म्हणून जागोजागी ठाणी बसवल्यासारखी ती कडेने असतात.

या तंतूच्या आत आणखी बारीक तंतू आणि त्यांचे एकसारखे छोटे छोटे कप्पे. एक कप्पा सुमारे अडीच मायक्रोमीटरचा, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये ओळीने चारशे कप्पे. पट्टे दिसतात ते यांच्यामुळे. प्रत्येक कप्प्यात दोन प्रकारचे धागे : जाड धागा मायोसिनचा, पातळ धागा ॲक्टिनचा. १९५४ साली 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निरनिराळ्या गटांनी एकच गोष्ट मांडली. गंमत म्हणजे दोन्ही गटांत हक्सली आडनावाचा एकेक शास्त्रज्ञ होता आणि ते दोघे नातेवाईक नव्हते. त्यांनी दाखवलं की स्नायू आखडतो तेव्हा हे धागे स्वतः आखूड होत नाहीत. ते एकमेकांवरून सरकतात.

लष्करात रस्सीखेच खेळलेल्या माणसाला हे लगेच कळतं. मायोसिनच्या धाग्यावर हातांसारखी टोकं असतात. ती ॲक्टिनचा दोर धरतात, ओढतात, सोडतात, पुढे धरतात, पुन्हा ओढतात. मेंदूकडून मज्जातंतूमार्फत हुकूम येतो, पेशीत कॅल्शियम सुटतं आणि "खेच" सुरू होते. यात एक बारकावा मला फार आवडतो. दोर धरायला आणि ओढायला ऊर्जा लागते हे आपण समजू शकतो. पण धरलेला दोर सोडायलाही ऊर्जा लागते. मृत्यूनंतर शरीर ताठ होतं ते याचमुळे. ऊर्जा संपते आणि पकड सुटतच नाही.

या तंतूंचेही ढोबळ दोन प्रकार. एक संथ, तांबडा, न थकणारा. तो आपल्याला तासन् तास उभं ठेवतो, वीस किलोमीटर चालवतो. दुसरा झटपट, जोरकस, पण लवकर दमणारा. तो उडी मारायला, धावत बस पकडायला. वय वाढतं तसे जास्त झिजतात ते हे दुसरे, झटपट तंतू. इथे म्हातारपणातलं एक कोडं सुटतं. आमच्या वयाची माणसं कब्बन पार्कात रोज पाच किलोमीटर चालतात, आणि घरी बाथरूममध्ये पाय घसरून पडतात. चालायला संथ तंतू पुरतात. पाय घसरल्यावर स्वतःला सावरायला अर्ध्या सेकंदात झटपट तंतू लागतात, आणि ते केव्हाच रजेवर गेलेले असतात.

आता दुसरा स्नायू, अपट्टकी, अनैच्छिक. याच्या पेशी चातीसारख्या, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळत्या. प्रत्येकीत एकच केंद्रक आणि पट्टे अजिबात नाहीत. हा रक्तवाहिन्यांच्या भिंतीत आहे, आतड्यात आहे, मूत्राशयात, श्वासनलिकांत, गर्भाशयात आहे. डोळ्याची बाहुली लहानमोठी करतो तो हाच, आणि अंगावर काटा आणतो तोही हाच. सावकाश काम करतो, पण एकदा आवळून धरलं की फार थोड्या ऊर्जेवर तासन् तास धरून ठेवतो. दिवसभर रक्तदाब राखायचा तर असाच कामगार हवा.

या स्नायूची ताकद मी लेहमध्ये पाहिली. लेह साधारण साडेअकरा हजार फुटांवर. आमच्या तुकडीत सांगली जिल्ह्यातला एक पोरगा होता, तालमीत तयार झालेला, दोरावरून हातांच्या जोरावर वर जाणारा. विमानाने वर आलो आणि पहिले दोन दिवस विश्रांतीचा हुकूम होता. हा गडी चुकवून बराकीमागे जोर-बैठका मारत होता. "साहेब, पडून राहिलं की अंग दुखतंय." तिसऱ्या रात्री त्याला धाप लागली, खोकला सुरू झाला आणि छातीत घरघर ऐकू येऊ लागली. त्याला ऑक्सिजन लावून तातडीने खाली पाठवलं. वाचला तो.

काय झालं होतं? शरीरात इतरत्र प्राणवायू कमी पडला तर रक्तवाहिन्या सैल होतात, जास्त रक्त येऊ देतात. फुफ्फुसात उलटं आहे. तिथे ज्या भागात प्राणवायू कमी, तिथल्या वाहिनीचा स्नायू आवळतो, म्हणजे रक्त जिथे हवा चांगली आहे त्या भागाकडे वळतं. सपाटीवर ही युक्ती उत्तम. पण उंचावर सगळ्याच फुफ्फुसात प्राणवायू कमी. मग सगळीकडेच वाहिन्या आवळतात, कुठे कमी, कुठे जास्त. दाब चढतो आणि फुफ्फुसात पाणी झिरपू लागतं. १९६२ च्या युद्धात आणि त्यानंतर आपले जवान मोठ्या संख्येने एकदम उंचावर गेले, तेव्हा हा आजार फार दिसला. १९६५ साली आपल्या लष्करी डॉक्टरांनी त्यावर लिहिलेले शोधनिबंध जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांत आले. आजही त्यांचा हवाला दिला जातो.

म्हणूनच लष्करात उंचावर जाण्याचं वेळापत्रक ठरलेलं आहे. नऊ ते बारा हजार फुटांपर्यंत पहिले सहा दिवस, त्यातले पहिले दोन नुसती विश्रांती. बारा ते पंधरा हजारांपर्यंत आणखी चार दिवस. त्याहून वर आणखी चार दिवस. यात हुद्दा चालत नाही. जनरल असो की शिपाई, फुफ्फुसातल्या स्नायूला कोणाचे तारे दिसत नाहीत. तुमच्यापैकी पुष्कळ जण आता मुलांबरोबर लडाखला जातात. सकाळी विमानाने उतरतात आणि दुसऱ्या दिवशी खारदुंगला. एवढंच सांगतो, की ज्या पोराला आम्ही खाली पाठवलं त्याच्याइतका दणकट माणूस तुमच्या ग्रुपमध्ये बहुधा नसेल.

तिसरा स्नायू हृदयाचा. याला पट्टे आहेत, म्हणजे ताकद पहिल्यासारखी. पण हुकूम ऐकत नाही, म्हणजे स्वभाव दुसऱ्यासारखा. पेशी आखूड, फांद्या फुटलेल्या, बहुतेकींत एकच केंद्रक आणि टोकाला टोक अशा घट्ट जोडलेल्या. त्या जोडांतून विजेचा संदेश एका पेशीतून दुसरीत थेट जातो, त्यामुळे लाखो पेशी एका तालावर आवळतात. परेडच्या मैदानावर शंभर बूट पडतात आणि आवाज एकच येतो, तसं. आणि हा ताल बाहेरून येत नाही. हृदयातच तो देणारा पेशींचा छोटा गट आहे. मज्जातंतू फक्त वेग कमीजास्त करतात. म्हणून तर दुसऱ्याच्या शरीरात बसवलेलं हृदयही, मज्जातंतू तुटलेले असताना, धडधडत राहतं.

याला पेटका येत नाही. पोटरीला येतो, याला नाही. एकदा आवळला की सैल पडू लागेपर्यंत तो पुढचा इशारा घेतच नाही. ही सक्तीची विश्रांती प्रत्येक ठोक्यात बांधून दिलेली आहे. आणि ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांनी त्याच्या पेशीची सुमारे एक तृतीयांश जागा व्यापलेली असते. दिवसाला एक लाख ठोके. माझ्या वयापर्यंत हिशेब केला तर अडीचशे कोटींच्या आसपास. रजा नाही, रविवार नाही.

पण या स्नायूत एक मोठी उणीव आहे, आणि ती सांगण्यासाठी मला माझ्या कोर्समेटबद्दल बोलावं लागेल. नाव घेत नाही. तो चिडेल. आम्ही एकत्र प्रशिक्षण घेतलं. तो नेहमी माझ्या पुढे पळायचा. निवृत्तीनंतर पुण्याकडे स्थायिक झाला. एका रविवारी त्याने बागेत कुंड्या हलवल्या. संध्याकाळी छाती आणि डावा खांदा दुखू लागला. "स्नायू दुखावला," असं म्हणून त्याने बाम चोळून घेतला. वहिनी म्हणाल्या, "अहो, डॉक्टरांना दाखवू या." हा म्हणाला, "सकाळी बघू." फौजी माणसाला दुखणं सहन करण्याचं शिक्षण असतं ना! हॉस्पिटलात पोचला तेव्हा अकरा तास झाले होते.

स्नायूच दुखावला होता, हे त्याचं निदान एका अर्थाने बरोबर होतं. फक्त तो हृदयाचा होता. रक्तवाहिनी बंद झाली की तिच्यावर जगणारा हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत जातो. जो मेला तो गेला. त्याच्या जागी नवा स्नायू येत नाही, व्रणासारखी ऊती येते. ती धरून ठेवते, पण आवळत नाही.

हृदयाचा स्नायू अजिबात नवा होत नाही का? याचं उत्तर २००९ साली एका विलक्षण पद्धतीने मिळालं. शीतयुद्धाच्या काळात उघड्यावर अणुचाचण्या झाल्या, तेव्हा हवेतलं किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण वाढलं होतं. ते अन्नातून प्रत्येकाच्या शरीरात गेलं. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी हृदयाच्या पेशींमधला तो कार्बन मोजला आणि कुठली पेशी साधारण कधी जन्मली ते काढलं. पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का पेशी नव्या होतात. पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणजे होतात, पण झटक्यात गमावलेलं भरून काढण्याइतक्या नाहीत. ज्या अणुचाचण्यांनी जगाला घाबरवलं, त्यांच्या राखेतून हृदयाचं वय कळलं.

माझा मित्र वाचला. पण निरोगी हृदय प्रत्येक ठोक्याला आतलं निम्म्याहून अधिक रक्त बाहेर ढकलतं. याचं ते प्रमाण तीस टक्क्यांवर आलं. आता एक जिना चढताना मधे थांबतो. फोनवर मला म्हणाला, "अरे, बामाची बाटली अजून तिथेच आहे. टाकवत नाही."

म्हणून मंडळी, छातीत दुखतंय, दाब आल्यासारखं वाटतंय, दुखणं हाताकडे, जबड्याकडे सरकतंय, घाम फुटलाय, तर तो कुठला स्नायू आहे याचा निकाल घरी बसून लावू नका. १०८ नंबर फिरवा. इथे कर्नाटकातही तोच आहे आणि महाराष्ट्रातही. निदान चुकीचं ठरलं, नुसता खांदाच दुखावलेला निघाला, तर परत येताना इडली खा आणि हसा.

आता माझ्या पायांकडे परत येतो, कारण इथेच पहिला स्नायू हृदयाच्या स्नायूपेक्षा नशीबवान ठरतो.

गणपतीनंतर मी एका फिजिओथेरपिस्टकडे गेलो. तरुण कन्नड मुलगी. तिने एक साधी खुर्ची ठेवली. "सर, हात छातीवर घ्या. तीस सेकंद. उठा, बसा, उठा, बसा. मी मोजते." माझे पाच झाले. साठ ते चौसष्ट वर्षांच्या पुरुषाला चौदाच्या खाली म्हणजे कमी समजतात. मी तिला माझी सेवा, माझे डोंगर वगैरे सांगू लागलो. ती शांतपणे म्हणाली, "सर, स्नायूंना पेन्शन नसते." तिला हे कोणी शिकवलं होतं कोण जाणे, पण मला ते वाक्य लागलं.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की माझं जे झालं ते नेहमीचंच आहे. २००७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं. दहाच दिवसांत पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू गेला. ही माणसं आजारी नव्हती. मी तर तीन आठवडे झोपून होतो, तापासकट. घरच्यांनी प्रेमाने हातात दिलेला प्रत्येक पाण्याचा पेला मला जमिनीकडे ढकलत होता आणि त्यांना काय, मलाही ते माहीत नव्हतं.

पण अस्थींना जोडलेल्या या स्नायूच्या तंतूंना चिकटून काही राखीव पेशी झोपलेल्या असतात. १९६१ साली त्या प्रथम दिसल्या, तंतूच्या कडेला उपग्रहासारख्या, म्हणून त्यांना उपग्रह पेशी म्हणतात. स्नायूवर भार पडला, बारीक इजा झाली की त्या जाग्या होतात, वाढतात, जुन्या तंतूत मिसळतात आणि त्याला नवी केंद्रकं देतात. लष्करी भाषेत सांगायचं तर हे राखीव दल. हृदयाच्या स्नायूपाशी असं दल नाही. माझ्या आणि माझ्या कोर्समेटच्या नशिबात फरक पडला तो एवढाच.

आणि ही राखीव फौज समजून घेण्याचं काम आपल्याच गावात चाललंय. बेल्लारी रोडवर जीकेव्हीकेच्या आवारात 'इनस्टेम' ही मूळपेशींवर संशोधन करणारी संस्था आहे. जून २०२५ मध्ये ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले तेव्हा त्यांनी तिथे जे भारतीय प्रयोग केले, त्यात एक इनस्टेमचा होता. अवकाशात भार नाही, म्हणून स्नायू झपाट्याने झिजतात. तिथे स्नायूंच्या पेशी नव्याने तयार होण्याला अडथळा का येतो, आणि पेशीतल्या ऊर्जेच्या कारखान्यांना पूरक द्रव्यं दिली तर फरक पडतो का, हे त्या प्रयोगात पाहायचं होतं. त्यांच्याआधी १९८४ मध्ये राकेश शर्मा गेले, तेव्हा त्यांनी अवकाशात योगासनं केली, तीही याच प्रश्नासाठी. स्थानकावरचे अंतराळवीर आजही दिवसाचे सुमारे दोन तास व्यायामात घालवतात. शुक्लांनी परतल्यावर सांगितलं होतं की हातात घेतलेला फोनही जड वाटला. चाळिशीला टेकलेला वैमानिक, आणि मोजून वीस दिवस!

मला ही बातमी वाचताना आमचं अंथरूण आठवलं. पलंगावर पडलेला म्हातारा आणि अवकाशात तरंगणारा वैमानिक, स्नायूच्या दृष्टीने दोघे सारखेच. दोघांच्याही पायांवर भार नाही. बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत जे उत्तर शोधलं जातंय ते उद्या अंतराळवीराला उपयोगी पडेल, आणि परवा तुमच्या आजीला.

तोवर काय करायचं? तोवर भार द्यायचा. १९९० साली अमेरिकेत एका वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजनाचा व्यायाम दिला. एकाने मधेच सोडला. उरलेल्यांची मांडीची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. नव्वदीत! तेव्हा "आता या वयात काय" हे वाक्य शास्त्राला मान्य नाही.

माझा क्रम साधा होता. खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला टेकून अर्धी बैठक, जिना, मग हळूहळू हातात वजन. आठवड्यातून तीन दिवस. ती मुलगी शेजारी उभी राहून म्हणायची, "निधान, सर, निधान." म्हणजे सावकाश. जेवणात डाळ, उसळ, दही, अंडी वाढवली. आपल्या मराठी ताटात भात आणि पोळी राज्य करतात, प्रथिनं कोपऱ्यात चटणीएवढी. ती जरा पुढे आणायची. मूत्रपिंडाचा, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. पहिले दोन आठवडे काही फरक दिसला नाही. मग ताकद आली, आणि मांडी मात्र तेवढीच. कारण सुरुवातीला स्नायू वाढत नाही, मेंदू जास्त तंतूंना कामावर बोलवायला शिकतो. आकार नंतर आला. पाच महिन्यांनी त्या खुर्चीवर माझे सोळा झाले.

आता शेवटचा मुद्दा. तीन स्नायूंपैकी दोघं आपलं ऐकत नाहीत. "हृदया, जरा सावकाश" असं म्हणता येत नाही. "रक्तवाहिन्यांनो, सैल व्हा" असंही नाही. पण त्यांच्यापर्यंत निरोप पोचवणारा एक आहे, तो पहिला.

परेडला जवान तासभर सावधानमध्ये उभा असतो आणि एकाएकी कोसळतो, हे तुम्ही पाहिलं असेल. दणकट जवान, मग का पडतो? पोटरीचा स्नायू हलत नाही म्हणून. पोटरी आवळते तेव्हा शिरांतलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. ती थांबली की रक्त पायांत साठतं, मेंदूला कमी पडतं. म्हणून आमचे उस्ताद सांगत, "बुटाच्या आत बोटं हलवत राहा. कोणाला दिसत नाही." हृदयाला मदत करण्याचा हा हुकूम पायाच्या बोटांना दिलेला.

आणि तुम्ही भरभर चालता तेव्हा रक्ताचा प्रवाह वाढतो, वाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि भिंतीतला तो हट्टी, अनैच्छिक स्नायू सैल पडतो. याच शोधासाठी १९९८ सालचं वैद्यकाचं नोबेल दिलं गेलं. नियमित व्यायामाने हृदयाचा विश्रांतीतला वेग कमी होतो, म्हणजे त्यालाही थोडी जास्त उसंत मिळते. म्हणजे आपल्या हातात एकच स्नायू दिलाय, पण बाकी दोघांची काळजी त्याच्याच मार्फत घ्यायची सोय करून ठेवली आहे.

घरात कोणी आजारी असेल तर त्याला आराम द्या. पण ताप उतरला आणि डॉक्टर हो म्हणाले की पाण्याचा पेला हातात देऊ नका. टेबलावर ठेवा. तो उठून घेऊ दे. तुम्ही शेजारी उभे राहा.

गेल्या गणपतीला मी त्याच घरी, त्याच सतरंजीवर बसलो होतो. आरतीची घंटा वाजली. तो मुलगा आता कॉलेजात जातो. त्याने सवयीने हात पुढे केला. मी म्हटलं, "थांब," आणि उठलो. मग त्याच्या हातातलं तबक मी घेतलं.

व्हिडिओ पाहून झाल्यावर एक खुर्ची घ्या, भिंतीला टेकवून ठेवा, शेजारी कोणाला तरी उभं करा आणि तीस सेकंद मोजा. आकडा कमी आला तर लाजू नका. माझा पाच होता.